स्टीम डेक ओएलईडी १४ महिने वापरून: मशीन खरंच माझं आहे, गेम्स मात्र नाहीत

हे सगळं मी स्टीम डेकवरच टाइप करतोय, म्हणजे स्टीम हे गेम्सचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीचं हातात धरून खेळायचं मशीन. टेबलावर डेक उभा करून ठेवलाय, त्याला ब्लूटूथ कीबोर्ड जोडलाय, डेस्कटॉप मोडमध्ये फायरफॉक्स उघडलाय, आणि मराठी लिहायला वेगळं काही टाकावंही लागलं नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट निवडलं आणि काम झालं. रिव्ह्यूमध्ये लोक आधी प्रोसेसर सांगतात, स्क्रीन सांगतात, तेही सांगतो पुढे, पण मला ही गोष्ट आधी सांगायची होती. गेम खेळायचं मशीन घेतलं आणि त्यात एक अख्खा कॉम्प्युटर मिळाला, तोही कुलूप न लावलेला.

हे एवढं मनाला का लागलंय त्याला एक जुनं कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी फोनवर एक कोड्यांचा गेम विकत घेतला होता, फुकटवाला नाही, पैसे मोजून घेतलेला, जाहिराती नाहीत, काही नाही, रोज झोपायच्या आधी एक लेव्हल खेळायचो. मग फोन बदलला आणि नव्या फोनवर शोधतोय तर गेम नाहीच. खरेदीच्या यादीत नाव दिसतंय, पैसे घेतल्याची पावती मेलमध्ये पडून आहे, पण डाउनलोडचं बटणच नाही. कस्टमर केअरला मेल केला तर चार दिवसांनी उत्तर आलं की बनवणाऱ्यांनी तो काढून घेतलाय, आम्ही काही करू शकत नाही. जुन्या फोनवर तो होता तोपर्यंत खेळलो, नंतर त्या फोनची बॅटरी फुगली आणि विषय संपला. रक्कम काही मोठी नव्हती हो, पण आपल्या घरातली वस्तू कुणीतरी न विचारता उचलून नेली असं वाटलं होतं मला, आणि तेव्हापासून काहीही घेताना पहिला प्रश्न हाच पडतो की उद्या कंपनीनं हात वर केले तर माझ्या हातात काय उरणार.

तर डेक. मूळ डेक २०२२च्या फेब्रुवारीत आला, ७ इंची एलसीडी स्क्रीनवाला. मी घेतला तो ओएलईडीवाला, २०२३च्या नोव्हेंबरमध्ये आलेला, ७.४ इंची स्क्रीन, ९० हर्ट्झ, ५१२ जीबी. रिझोल्यूशन दोन्हींचं तेच, १२८० बाय ८००. आकडा वाचून मीही नाक मुरडलं होतं, फोनला याच्या दुप्पट असतं, पण एवढ्या अंतरावरून एवढ्या आकारात ते खटकत नाही आणि रिझोल्यूशन कमी असल्यामुळेच ही एवढीशी चिप मोठे गेम्स ओढू शकते. स्क्रीन सुंदर आहे, दुसरा शब्द नाही. काळा रंग म्हणजे खरंच काळा, अंधाऱ्या खोलीत हॉलो नाइट खेळताना स्क्रीनची कडच दिसेनाशी होते. फक्त ५१२ जीबीवाल्याला साधी चकचकीत काच आहे, चमक मारू न देणारी काच १ टीबीच्या मॉडेलला आहे, त्यामुळे तुम्ही खिडकीपाशी बसून खेळणारे असाल तर त्याचा विचार करा.

वजन ६४० ग्रॅम. म्हणजे साधारण तीन फोन एकत्र धरल्यासारखं. बसून मांडीवर हात टेकवून खेळलं तर काही वाटत नाही, झोपून चेहऱ्यावर धरून खेळायचं म्हटलं तर पंधरा-वीस मिनिटांत मनगटं बोलायला लागतात. मी पोटावर उशी ठेवून त्यावर टेकवतो. पकड मात्र चांगली आहे, मागची चार बटणं बरोबर बोटांखाली येतात. आणि दोन्ही बाजूंना जे चौकोनी ट्रॅकपॅड दिलेत त्यांचं कौतुक लोक कमी करतात असं मला वाटतं, कारण माउस लागणारे गेम्स, नकाशावर सैन्य हलवायचे, शहर बांधायचे, ते या ट्रॅकपॅडशिवाय हातात धरून खेळताच आले नसते. डिस्को एलिसियम मी अख्खा असाच संपवला, नुसता वाचायचा गेम, पुस्तकासारखा धरून.

बॅटरी ५० वॉट-अवरची. कंपनी म्हणते ३ ते १२ तास, आणि एवढी मोठी रेंज दिली की लोकांना फसवाफसवी वाटते पण ती खरी आहे, सगळं तुम्ही काय खेळता त्यावर. स्टारड्यू व्हॅली, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स असलं काही असेल तर संध्याकाळ निघते, सायबरपंक लावला की चार्जर जवळ ठेवा. उजवीकडे तीन टिंबांचं एक बटण आहे, ते दाबलं की खेळता खेळताच फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची ते, बांधता येतो आणि चिपनं किती वॉट खायचे तेही ठरवता येतं, ३ पासून १५ पर्यंत. साध्या गेमला ५-६ वर आणून ठेवलं तर काही फरक दिसत नाही, बॅटरी मात्र कितीतरी जास्त टिकते. हे असं माझ्या हातात दिलंय हे मला आवडतं. बाकी ठिकाणी ‘ऑटो’ असतं आणि त्या ऑटोच्या आत काय चाललंय ते तुम्ही विचारायचं नसतं.

स्लीपबद्दल एक वाक्य: वरचं बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो, पुन्हा दाबलं की काही सेकंदांत तिथूनच सुरू. कामाच्या आणि घरच्या धबडग्यात ज्याला सलग तास मिळत नाही त्याच्यासाठी हेच सगळ्यात मोठं फीचर आहे. एल्डन रिंग मी अशाच तुकड्यातुकड्यांनी खेळलो, फ्रेम रेट ३० ला लॉक करून.

आता आतली गंमत. डेकवर विंडोज नाहीये, लिनक्स आहे, स्टीमओएस नावाचं, आर्च लिनक्सवर बांधलेलं. आणि स्टीमवरचे बहुतेक गेम्स तर विंडोजसाठी बनलेले. मग चालतात कसे, तर प्रोटॉनमुळे. व्हॉल्वनं हे २०१८च्या ऑगस्टमध्ये आणलं पण त्याचा पाया वाइन नावाचा प्रोजेक्ट आहे जो १९९३ पासून चालू आहे. कल्पना साधी आहे, गेम विंडोजकडे जे जे मागतो, ही फाइल वाच, हा आवाज वाजव, ते मागणं मधल्यामध्ये झेलायचं आणि लिनक्सला कळेल असं करून पुढे द्यायचं, आणि डायरेक्टएक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या चित्र काढायच्या भाषेत, मागितलेलं चित्र व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या तशाच भाषेत काढून द्यायचं. कल्पना साधी, पण ती नीट चालायला पंचवीस-तीस वर्षं लोकांनी खपून काम केलंय, त्यातले कितीतरी जण फुकट, फक्त आपलं मशीन एका कंपनीवर अवलंबून राहू नये म्हणून. गेम सुरू होताना मला खरंच त्यांची आठवण येते. आणि हे सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, असल्यामुळे डेक नसलेल्यालाही फायदा आहे, साध्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, तिथेही प्रोटॉन चालतं.

सगळं मात्र चालत नाही. स्टोअरमध्ये प्रत्येक गेमवर खूण असते, हिरवी टिक म्हणजे नीट चालतो, पिवळी म्हणजे थोडी खटपट, पण मी त्या खुणेपेक्षा प्रोटॉनडीबी नावाच्या साइटवर खेळणाऱ्या लोकांनी लिहिलेलं जास्त मानतो. तिथे माणसं ‘हे सेटिंग असं करा, तो पर्याय बंद करा’ असं नेमकं सांगतात. शिवाय चिप २०२२ च्या काळातलीच आहे, एएमडीच्या झेन २ पिढीचे चार कोअर, ओएलईडीमध्ये ती आकारानं लहान आणि कमी वीज खाणारी झाली, ताकद जवळपास तेवढीच. त्यामुळे आत्ताचे नवे जड गेम्स तिला झेपत नाहीत, अक्षरं वाचता येत नाहीत इतकं चित्र धूसर करावं लागतं आणि मग त्यात मजा नाही. नवं ते पहिल्या दिवशी खेळायचं असेल तर हे मशीन तुमच्यासाठी नाही. माझ्याकडे दहा वर्षांचे न खेळलेले गेम्स पडलेत, मला काही घाई नाही.

उघडून दुरुस्त करता येतं का, तर हो, आणि मी केलंय. ५१२ जीबी सहा महिन्यांत भरलं म्हणून एसएसडी, म्हणजे गेम्स साठवायची आतली डिस्क, बदलला. आत २२३० मापाचा छोटा एसएसडी असतो, बाजारात मिळतो. सिस्टीम पुन्हा टाकायला लागणारी रिकव्हरी इमेज यूएसबीवर आधी तयार करून ठेवली, बॅटरी स्टोरेज मोडमध्ये टाकली, मग मागचे स्क्रू काढले, ते टॉर्क्स आहेत त्यामुळे घरातला साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, मग कडेनं हळूहळू झाकण सोडवलं. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो, झाकण उघडायच्या आधी मेमरी कार्ड बाहेर काढा. कार्ड आत राहिलं तर झाकण निघताना त्याचे सरळ दोन तुकडे होतात, कितीतरी लोकांचे झालेत. आत पत्र्याचं एक कव्हर आहे, त्याच्याखाली एसएसडी. आधी बॅटरीची वायर सोडवायची आणि मग बाकीच्याला हात लावायचा. पाऊण तास लागला मला, त्यातला निम्मा वेळ नुसता बघण्यात गेला. व्हॉल्वनं डेक विकायला काढायच्या आधीच स्वतः उघडून दाखवणारा व्हिडिओ टाकला होता, त्यात सांगितलं होतं की हे तुम्ही करू नये असा आमचा सल्ला आहे पण मशीन तुमचं आहे, उघडायचा हक्क तुम्हाला आहे. सुटे भाग आयफिक्सिट या दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या साइटवर मिळतात, बाहेरच्या खोक्याच्या डिझाइन फाइलीसुद्धा त्यांनी खुल्या करून दिल्यात. दुसरीकडे मी असे फोन बघितलेत की मूळ स्क्रीनच्या जागी दुसरी लावली तर सेटिंगमध्ये ‘ही मूळ स्क्रीन नाही’ असं सुनावतात. फरक तुम्हीच बघा.

डेस्कटॉप मोडचं तर मी वर म्हटलंच. पॉवर बटण दाबून धरलं, डेस्कटॉपवर जा म्हटलं, की केडीई नावाचा, नेहमीच्या कॉम्प्युटरसारखाच लिनक्सचा डेस्कटॉप समोर येतो. डिस्कव्हर नावाचं ॲप स्टोअर आहे, तिथून व्हीएलसी घ्या, लिब्रेऑफिस घ्या, कुणाची परवानगी लागत नाही, अकाउंट लागत नाही. आणि हिरोइक नावाचं ॲप घेतलं की स्टीम सोडून दुसऱ्या दुकानांतले, म्हणजे एपिकचे आणि जीओजीचे गेम्सही चालतात. एक कंपनी मशीन विकते आणि त्याच मशीनवर शेजारच्या दुकानाचा माल वापरायला अडवत नाही, ही गोष्ट साधी वाटायला पाहिजे, पण आज ती दुर्मीळ झालीये. अगदी विंडोज टाकायचं तर तेही टाका. मी टाकलं नाही, गरज नाही वाटली. सिस्टीमच्या फाइली बाय डिफॉल्ट फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत, नवख्या माणसाकडून काही बिघडू नये म्हणून, पण ते कुलूपही एका कमांडनं निघतं आणि त्यासाठी कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत.

आता जिथे खरी अडचण आहे तिकडे येतो. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, तो आला की पहिल्यांदा डेक उचलतो आणि दोन मिनिटांत विचारतो, मामा याच्यावर आमचा गेम का नाही चालत. आमचा म्हणजे त्याच्या सगळ्या मित्रांचा, एक ऑनलाइन शूटर. नाही चालत बाबा. आणि यात डेकची ताकद कमी पडते असं नाही, त्या गेमच्या कंपनीनं ठरवलंय की लिनक्सवर चालू द्यायचा नाही. फोर्टनाइट, व्हॅलोरंट, डेस्टिनी २, हे डेकवर थेट चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालत होता, २०२४च्या शेवटी कंपनीनं लिनक्सवाल्यांना बंद केला, कारण दिलं चीटिंगचं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय, म्हणजे चीटिंग पकडणारी दोन सॉफ्टवेअर, दोन्ही प्रोटॉनवर चालू शकतात, २०२१ पासून ती सोय आहे, पण ती चालू करायची की नाही ते ज्याचा गेम त्याच्या हातात.

चीटिंगचा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही, भिंतीच्या आरपार बघणारा समोर आला की कुणाचंही डोकं फिरतं. पण व्हॅलोरंटसारखे गेम्स विंडोजवर जो अँटी-चीट बसवतात तो कर्नलमध्ये बसतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात, जिथून त्याला सगळं दिसतं आणि सगळं करता येतं. एक गेम खेळायला मी घराच्या सगळ्या किल्ल्या का द्यायच्या? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली होती, विमानं अडकली, हॉस्पिटलं अडकली. ते गेमचं सॉफ्टवेअर नव्हतं, सिक्युरिटीचं होतं, नावाजलेल्या कंपनीचं होतं, पण बसलं होतं याच गाभ्यात, आणि तिथे चूक झाली की अख्खं मशीन आडवं होतं. हे मी भाच्याला समजावलं, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बरोबर आहे मामा पण मित्र तर तिथेच आहेत ना. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मित्र जिथे आहेत तिथेच पोरं जाणार. म्हणूनच ताईनं विचारलं याला वाढदिवसाला डेक घेऊ का, तेव्हा मी सरळ नको म्हटलं. ज्या मुलाला तो एकच गेम खेळायचाय त्याला माझी तत्त्वं भेट देऊन काय उपयोग.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त बोचते. मशीन माझं आहे, गेम्स माझे नाहीत. स्टीमवर तुम्ही गेम ‘विकत घेता’ तेव्हा गेम मिळत नाही, लायसन्स मिळतं. हे आधीपासून असंच होतं, फक्त लिहिलेलं असायचं कुठेतरी कराराच्या पोटात. कॅलिफोर्नियानं कायदा केला की डिजिटल वस्तू विकताना हे स्पष्ट सांगा, १ जानेवारी २०२५ पासून लागू, त्याच सुमारास स्टीमच्या कार्टमध्ये तशी ओळ दिसायला लागली. चांगलं झालं, निदान स्पष्ट तरी सांगतात. पण अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे मी गेलो की दहा वर्षं जमवलेली लायब्ररी भाच्याच्या नावावर होऊ शकत नाही. माझ्या वडिलांची पुस्तकं आज माझ्या कपाटात आहेत, त्यांच्या नावासकट, पहिल्या पानावर तारीख टाकलेली. ते सुख या लायब्ररीत नाही.

युबिसॉफ्टनं द क्रू नावाच्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि पैसे भरून घेतलेला गेम कुणालाच खेळता येईना, एकट्यालाही नाही. त्यावरून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली, युरोपात त्यांच्या अर्जावर २०२५च्या जुलैत दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. त्यांची मागणी फार साधी आहे, सर्व्हर कायम चालवा असं ते म्हणतच नाहीत, बंद कराल तेव्हा गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. मला तर यात न पटण्यासारखं काही दिसत नाही.

आणि त्याच जुलैमध्ये इच.आयओ या छोट्या गेम्सच्या दुकानानं पेमेंट कंपन्यांची तपासणी सुरू झाली म्हणून प्रौढांसाठीचे गेम्स सर्चमधून काढून टाकले, स्टीमनंही काही काढले. मला त्या गेम्समध्ये रस नाही. पण कायदेशीर असलेली वस्तू मी घ्यायची की नाही हे कार्ड आणि पेमेंट कंपनी ठरवायला लागली तर आज हे गेम गेले, उद्या दुसरं काही जाईल, आणि कुणी विचारणार नाही कारण ते सरकार नाही, कोर्ट नाही, तिथे दाद मागायला जागाच नाही.

म्हणून मी आता काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होईल. एखादा गेम जीओजीवर असेल तर तिथूनच घेतो, कारण तिथे डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, नसतं, इन्स्टॉलरची फाइल खाली उतरवून स्वतःजवळ ठेवता येते. स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट, डिस्को एलिसियम, सायबरपंक, बाल्डर्स गेट ३, सगळे तिथे आहेत. एक जुनी हार्ड डिस्क त्यासाठीच ठेवलीये, घेतल्या घेतल्या फाइल तिच्यात टाकतो, सेव्ह फाइलीही महिन्यातून एकदा कॉपी करतो. डेकवर हिरोइकमधून लावायला पाच मिनिटं जास्त जातात, कधी कंट्रोलरचं सेटिंग हातानं करावं लागतं, स्टीमइतकं गुळगुळीत नाही ते, चालतं मला. स्टीमवरून घेतलेले एकट्यानं खेळायचे गेम्स वायफाय बंद करून एकदा चालवून बघतो, नेटशिवाय उघडलाच नाही तर तो रिफंडला जातो, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. गेमच्या आत पुन्हा वेगळ्या कंपनीचं लाँचर आणि वेगळं लॉगिन मागणारे तर मी घ्यायचेच बंद केलेत.

कोणतं मॉडेल म्हणाल तर ओएलईडीच घ्या, ५१२ वाला पुरतो, जागा कमी पडली तर आधी मेमरी कार्ड टाका, त्यावरूनही गेम्स छान चालतात, एसएसडी नंतर बदलता येतो. सोबत केस येते, ४५ वॉटचा चार्जर येतो. सेकंडहँड बघत असाल तर दोन्ही स्टिक गोल फिरवून सेटिंगमधल्या कंट्रोलर टेस्टमध्ये टिंब मधोमध परत येतंय का बघा, आणि आधीच्या मालकाला त्याचं अकाउंट काढून फॅक्टरी रीसेट तुमच्यासमोर करायला सांगा.